बिनगाठीची दोरी

१

वाचनालयाच्या काचेच्या कपाटातली वही गेली आहे, हे कोणाला कळलंच नसतं. कपाटाला कुलूप होतं, कुलपाआड निळ्या कापडात गुंडाळून दोरीने बांधलेला चौकोनी जिन्नस होता, आणि येणारे-जाणारे त्याला नेमाने हात जोडत होते. मंगळवारी सकाळी चिटणिसांनी दोरी सोडली, कापड उलगडलं, तर आतून निघाले जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे रद्दी कागद. वहीच्या मापाने नीट कापलेले.

तासाभरात चिटणीस तीन जिने चढून धापा टाकत प्रूफकाकांच्या दारात उभे होते.

प्रूफकाका म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. बेचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्त झाल्यावरही सवय जाईना, म्हणून औषधाच्या बाटलीवरची लेबलं आणि लाइटच्या बिलामागच्या सूचना ते लाल पेन घेऊन वाचत. वाचून दाखवायला मात्र घरात कोणी नव्हतं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती.

"काका, मास्तरांची वही गेली," चिटणीस म्हणाले. "परवा सकाळी पुस्तक मशीनवर चढतंय. बोभाटा झाला तर आमच्या पंथाचं नाक कापलं जाईल. तुम्ही शोधा."

"मी? मी तर तुमच्या पंथातलाही नाही."

"म्हणूनच. तुम्ही कोणाच्या अध्यात ना मध्यात."

हे खरं होतं, आणि ऐकायला फारसं बरं वाटलं नाही.

मास्तर हे शाळेत शिकवणारे एक साधे गृहस्थ. घरच्या घरी उपासना कशी करावी यावर त्यांनी सोळा पानांची वही लिहिली, ती छापायला दिली, आणि पुस्तक हातात यायच्या आत ते वारले. मास्तर जन्मात कधी गावाबाहेर गेले नव्हते. पुस्तक मात्र पायाला भिंगरी लावल्यासारखं फिरलं. लोकांच्या कोटाच्या खिशात, शिवणाच्या डब्यात, इस्पितळातल्या उशीखाली. ज्यांनी मास्तरांना पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाज ऐकला नव्हता, अशी हजारो माणसं छापलेल्या सोळा पानांबरहुकूम जगू लागली. दर आवृत्तीला जुन्याच पुस्तकाचे फोटो काढून छापत. आता पन्नासाव्या वर्षी प्रथमच नवी, मोठ्या अक्षरांची आवृत्ती कॉम्प्युटरवर जुळवली होती, आणि ती मूळ वहीशी ताडून पाहायचं काम काकांकडे आलं होतं.

ते काम काकांनी एकाच कारणासाठी घेतलं होतं. पुस्तकात दोन नेम होते. एक रोजचा: दिवेलागणीला दार उघडं ठेवावं, समोर रिकामी खुर्ची मांडावी, जो येईल त्याला बसू द्यावं. दुसरा घरात कोणी गेलं तर पाळायचा: सात दिवस दार लावून घ्यावं, एकट्याने बसावं, कोणी हाक मारली तरी ओ देऊ नये. काकांची बायको पंथातली. ती गेल्यावर तिच्यासाठी म्हणून काकांनी ते सात दिवस पाळले. सारी इमारत पंथातलीच. सात दिवसांत कोणीही दार वाजवलं नाही. आठव्या दिवशी दिवेलागणीला दार उघडं ठेवायचं काकांच्या मनातच येईना, आणि ते तसंच राहिलं.

"असं वाक्य ज्या माणसानं लिहिलं, त्याचं हस्ताक्षर मला एकदा बघायचंय," काका म्हणाले आणि चपला घालू लागले.

२

वाचनालयात कपाटाची किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला लटकलेली असे. हे गुपित चौघांना ठाऊक होतं: खुद्द चिटणीस, मास्तरांची पुतणी, छापखान्याचे धाकटे मालक आणि मागच्या खोलीत राहून वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या आक्का.

"वही शेवटची कोणी वाचली होती?"

"वाचली?" चिटणीस गोंधळले. "वाचत नाही कोणी. वर्षातून एकदा बाहेर काढतो, कापडासकट डोक्याला लावतो, परत ठेवतो."

"पन्नास वर्षं?"

"श्रद्धा असते हो काका."

आक्का कोपऱ्यात बाकं पुसत होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली बाई. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पुसू लागल्या.

काकांनी कॅलेंडरचे कागद चाळले. पुठ्ठ्यासारखा जाड कागद, त्यावर नुसते आकडे आणि आकडे, छपाई एका बाजूला सरकलेली. वाया गेलेली प्रत. वर्ष पाहिलं, तर पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचंच वर्ष होतं. मग त्यांनी दोरी उचलली. इंच इंच करत ती बोटांखालून सरकवत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चिटणीस, ही गाठ तुम्ही कशी सोडलीत?"

"गाठ नव्हतीच की. चारपाच वेढे होते. कोपऱ्यातून एक टोक बाहेर आलेलं दिसलं. ते ओढलं, तर अख्खी दोरी हातात आली. तरी बांधलेलं घट्ट होतं हं, अगदी दगडासारखं."

काकांनी दोरी खिशात घातली. आपण हे कुठेतरी पाहिलंय, हे त्यांच्या बोटांना कळत होतं, डोक्याला आठवत नव्हतं.

३

मास्तरांच्या पुतणीचं वह्या-पेनांचं दुकान होतं. काका गेले तेव्हा बाई वह्यांचा गठ्ठा बांधत होत्या. एक गाठ, दुसरी गाठ, वर तिसरी, आणि उरलेली सुतळी दातांनी तोडली.

"हो, वही मला हवीच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या काकांची आहे, माझ्या घरची आहे. पण न्यायची झाली तर मी भर सभेत, चिटणिसांच्या नाकावर टिच्चून नेईन. रद्दी कोंबून चोरासारखी कशाला नेऊ? आणि खरं सांगू? त्या वहीतलं काय ते पुस्तकात आहेच. मला फक्त त्यांचं अक्षर हवंय. लहानपणी मला त्यांनीच गिरवायला शिकवलं."

"तुम्ही संध्याकाळी दार उघडं ठेवता?"

"ठेवते ना. आमचे यजमान गेल्यापासून तेवढाच आधार." त्या जरा थांबल्या. "तुमच्या मंडळी गेल्या तेव्हा यावंसं वाटलं होतं हो. पण सात दिवस आड आले."

आठव्या दिवशी काय आड आलं होतं, हे काकांनी विचारलं नाही.

छापखान्याचे धाकटे मालक पन्नाशीचे होते, पण वडील जाऊनही धाकटेच राहिले होते. त्यांच्या टेबलावर रबरबँडचा डोंगर होता आणि प्रत्येक कागदाच्या कमरेला एक रबरबँड.

"काका, वहीचे फोटो काढून मोठं पुस्तक करू म्हणून मी मागे लागलो होतो, हे खरंय. चिटणीस नाही म्हणाले. म्हणून काय मी चोरी करणार?"

"छपाईच्या जुन्या खिळ्यांचं, त्या शिशाच्या अक्षरांचं, काय झालं?"

"वितळवले. मी खिळ्यांना हात लावला तो फक्त पेपरवेट म्हणून. ती अक्षरं जुळवायचं जुळारी लोकांचं काम मला कधी जमलंच नाही. वडील म्हणायचे, हा कॉम्प्युटरच्या पोटी जन्मलाय."

काकांनी कॅलेंडरचा कागद पुढे केला. मालक हसले. "अरे वा! हे आमचंच. त्या वर्षी वडिलांनी सहा कंपन्यांची कॅलेंडरं घेतली होती. छापखान्यातले होते नव्हते तेवढे आकड्यांचे खिळे त्यात अडकले. त्या हंगामात दुसऱ्या कामाला आकडा म्हणून मिळत नव्हता. पण माळ्यावरची रद्दी तर जागा बदलताना सगळी गेली. हा कागद राहिला कोणाकडे?"

काकांनी खिशातून बायकोचं, कडा झिजलेलं छोटं पुस्तक काढलं. सोळा पानं. एकाही पानावर क्रमांक नव्हता. पंथातले लोक अभिमानाने सांगत, की मास्तरांना भक्तीची मोजदाद मान्य नव्हती म्हणून पुस्तकाला आकडे नाहीत. यावर कोणीतरी अर्धा तास प्रवचन केल्याचंही काकांना आठवलं.

आणि आकडे नव्हते, कारण ते कॅलेंडरात अडकले होते.

४

बुधवारी दुपारी काका घरी बसले. समोर पुस्तक, शेजारी दोरी. खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर तीन वर्षं वर्तमानपत्रं साचत होती.

त्यांनी दोरी साबणाच्या वडीभोवती गुंडाळली. एक वेढा, दुसरा, तिसरा. बोटं आपोआप चालू लागली. चौथ्या वेढ्याला त्यांनी टोक कोपऱ्याशी वेढ्यांखाली दाबलं, आणि ते एकदम ताठ बसले.

जुन्या छापखान्यात खिळे जुळवून पान तयार झालं, की त्याच्याभोवती अशीच दोरी गुंडाळत. गाठ मारायची नाही, कारण मशीनवर पान चढवताना ती पटकन निघाली पाहिजे, खिळे न हलता. गाठ मारणाऱ्या नवशिक्याला थोरले मालक शिव्या घालत. चाळीस वर्षांपूर्वी काकांनी हे रोज पाहिलं होतं. चिटणिसांना ते येत नव्हतं, पुतणी तीन गाठींची, आणि धाकटे मालक रबरबँडचे.

त्यांनी पुस्तक उघडलं, या वेळी भाविकासारखं नाही, प्रूफ वाचतात तसं. पाचवं पान इथे संपत होतं: "संध्याकाळी दिवा लागला की घराचे दार". सहावं सुरू होत होतं: "सताड उघडे ठेवावे." नववं संपत होतं: "घरात कोणी गेले तर सात दिवस घराचे दार". दहावं सुरू: "लावून घ्यावे." सहावं आणि दहावं, दोन्ही चार-चार ओळींची. सारख्याच उंचीची. आणि आकडे नसलेली.

काकांनी सहावं पान मनातल्या मनात दहाव्याच्या जागी ठेवून वाचलं.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. रोज दिवेलागणीला ते थांबे, मग त्यांचं दार उघडल्याचा आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज येई. तीन वर्षं काका हे आवाज बंद दाराआडून ऐकत होते. आज ते उठले आणि जिना उतरून चालू लागले.

५

आक्कांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. समोर रिकामी खुर्ची. पलीकडे कॉटवर आक्का, मांडीवर हात ठेवून.

"बसा," त्या म्हणाल्या. "कोणी आलं की विचारायचं नसतं. पण तुम्ही विचारणार."

"विचारत नाही, सांगतो. चुकलं तर थांबवा." काका बसले. "चोर वस्तू हवी म्हणून नेतो. ही वही कोणाला हवी म्हणून गेली नाही, कोणी वाचू नये म्हणून गेली. मी ती ताडून पाहणार हे ठरलं, आणि ती गेली. म्हणजे वहीत आणि पुस्तकात फरक आहे हे चोराला माहीत होतं. पण पन्नास वर्षांत वही कोणी उघडलेलीच नाही. मग ती ओळन् ओळ वाचली कोणी? जिनं जुळवली तिनं. तुम्ही जुळारी होतात, आक्का. मी नोकरीला लागायच्या आधी."

आक्कांनी नाकारलं नाही.

"ती रद्दी त्याच हंगामातली. छापखान्यात उरलेली नाही. आणि दोरीला गाठ नव्हती."

"रिकामं कपाट बघवेना मला," आक्का म्हणाल्या. "माझ्याकडे ट्रंकेत ते कागद होते. बांधायला गेले, ते हातानं आपल्या सवयीनं बांधलं. मला कळलंही नाही." त्यांनी उशीखालून वही काढली. "जाळायला काढली होती. ज्या वहीवरून जुळवलं, ती जाळता येत नाही हो."

काकांनी वही घेतली. बारीक, गोल, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. त्यांनी पाचवं पान उलटलं.

*संध्याकाळी दिवा लागला की घराचे दार लावून घ्यावे. समोर काही ठेवू नये. एकट्याने बसावे. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नये.*

मग नववं.

*घरात कोणी गेले तर सात दिवस घराचे दार सताड उघडे ठेवावे. समोर एक रिकामी खुर्ची मांडावी. जो येईल त्याला बसू द्यावे. काही विचारू नये.*

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

"वीस वर्षांची होते मी," आक्का सांगत होत्या. "प्रुफं आधीच, पानं पाडण्यापूर्वी, लांब पट्ट्यांवर वाचून झालेली. पानं बांधून फळीवर ओळीनं ठेवली होती. आकडे नव्हते, म्हणून फळीवर खडूनं नंबर घातले. जेवून आले, तर कोणाला तरी फळी हवी होती, त्यानं पानं दुसरीवर सरकवली होती. मी अंदाजानं लावली. छापण्याआधी मास्तर एकदा बघणार होते. ते त्याच आठवड्यात गेले."

"तुम्हाला कळलं कधी?"

"वर्षानं. माझी आई गेली. पुस्तकात सांगितलंय म्हणून दार लावून बसले. सहाव्या दिवशी आठवलं, की मी हे असं जुळवलं नव्हतं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "थोरल्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, नऊ हजार प्रती गेल्या, आता ते पुस्तक आपलं राहिलं नाही, तोंड उघडू नकोस. मग छापखाना सोडून मी इथं झाडलोट मागून घेतली. वहीवर लक्ष राहावं म्हणून."

"माझी बायको गेली, तेव्हा मी सात दिवस त्या खोलीत होतो." काकांचा आवाज चढला. "मला वाटलं कोणाला आमचं काही पडलेलंच नाही. तीन वर्षं मी या लोकांचा राग राग केला. आणि ते सगळं तुमच्या एका फळीपायी!"

"हो," आक्का म्हणाल्या.

बाहेर कोणाची तरी पावलं वाजली. एक म्हातारा कापड-दुकानदार दारात डोकावला, खुर्ची भरलेली पाहून हसला, आणि पुढच्या उघड्या दाराकडे गेला. आक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"याला कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मलाही नाही. संध्याकाळच्या या अर्ध्या तासावर आम्ही पन्नास वर्षं काढली. उद्या तुम्ही पानं बरोबर लावाल. लावाच. माझं काय, मला हाकला इथून. पण परवापासून ही सगळी दारं लागतील, काका. मास्तरांनी सांगितलंय म्हणून."

६

काकांनी जन्मात मूळ लेखनात कानामात्रा इकडची तिकडे केली नव्हती. लेखक चुकला असला तरी समासात प्रश्नचिन्ह घालायचं, हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. तो नेम त्यांना मास्तरांच्या दोन्ही नेमांपेक्षा जुना होता.

गुरुवारी सकाळी छापखान्यात ते नव्या आवृत्तीची प्रुफं घेऊन बसले. सहाव्या पानावरचं "सताड उघडे ठेवावे" तसंच ठेवलं. मग दहाव्या पानावरच्या चारही ओळी लाल रेघेने खोडल्या आणि समासात लिहिलं: "पान सहाप्रमाणे." अक्षर सुवाच्य आलं.

धाकटे मालक बुचकळ्यात पडले. "काका, एकच मजकूर दोनदा? चूक तर नाही ना?"

"चूक आहे," काका म्हणाले. "माझी आहे. छापा."

चिटणिसांच्या हातात त्यांनी निळं कापड ठेवलं, दोरीचे चार वेढे घातलेलं. "वही आत आहे. कोणी नेली ते मी सांगणार नाही. कोणाला झाडूनपुसून बाहेर काढायचं नाही, एवढी माझी अट. आणि ताडून पाहायचं असेल तर आत्ता उघडून बघा."

चिटणिसांनी दोरीच्या मोकळ्या टोकाकडे पाहिलं. मग त्यांनी वही कापडासकट डोक्याला लावली, कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

दिवेलागणीला काकांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. दाराच्या दुसऱ्या, तीन वर्षं न उघडलेल्या कवाडाची कडी गंजून घट्ट बसली होती, ती हातोडीने ठोकावी लागली. दार उघडून ते समोर बसले. आपण अगदी वेड्यासारखे दिसत असू, असं त्यांना वाटलं.

खालचं मशीन थांबलं. दार उघडल्याचा आवाज आला, खुर्चीचा मात्र आला नाही. मग जिन्यावर पावलं, सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाची. शिंपीणबाई दारात आल्या, खुर्ची पाहिली, आणि काही न विचारता बसल्या.

"वहिनी गेल्या ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी रोज तुमच्या दारापर्यंत येऊन परत जायची. सातही दिवस. आठव्या दिवशीपण आले होते. दार बंदच होतं, मग धीर नाही झाला."

काकांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना एकदम रडू फुटलं. शिंपीणबाईंनी काहीच विचारलं नाही. पुस्तकात तसंच सांगितलं होतं.